जॅझ सॅक्सोफोन वाजवून शहरात पोट भरायचं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: अल्टो सॅक्सोफोनवर सहा-सात वर्षं झाली, स्केल आणि कॉर्ड पक्के आहेत, मोठ्या शहरात येऊन वर्ष झालं. जॅम सेशनला (वादक आयत्या वेळी जमून वाजवतात त्या बैठकीला) नियमित जाणं होतं, सोलो संपला की टाळ्याही पडतात, पण कामासाठी फोन येत नाही. कुठे कमी पडतंय, आणि यावरच पोट भरायचं असेल तर पुढची दोन-तीन वर्षं कशाला द्यावीत?

आधी या धंद्याची रचना नीट पाहा, बाकी सगळं तिच्यातूनच निघतं. पियानो, बास आणि ड्रम्स एवढ्यावर जॅझचा कार्यक्रम पूर्ण होतो. गायिका आली तरी तेच तिघे पुरतात. जागेच्या मालकानं पैशात काटछाट केली की सर्वांत आधी सॅक्सोफोन गळतो. त्यामुळे चांगला बासिस्ट एका वेळी पाच बँडमध्ये असतो, आणि त्याच्याइतकाच तयारीचा सॅक्सोफोनिस्ट एका बँडमध्ये, तोही बहुतेकदा स्वतःच उभा केलेल्या. तुमची खुर्ची ऐच्छिक आहे. हे एकदा मान्य केलं की तीन कामं दिसतात: ज्यांचं तुमच्यावाचून अडेल अशा खुर्च्या शोधणं, स्वतः काम आणणं, आणि ऱ्हिदम सेक्शनच्या, म्हणजे या पियानो-बास-ड्रम्सच्या, माणसांना तुमच्याबरोबर वाजवणं सोपं जाईल असं वाजवणं. हे नवं नाही. १९३८ मध्ये हार्लेममध्ये मिंटन्स प्लेहाउस सुरू करणारे हेन्री मिंटन सॅक्सोफोनवादक होते. लंडनमधला क्लब १९५९ मध्ये सुरू करणारे रॉनी स्कॉट आणि पीट किंग हे दोघेही टेनर, म्हणजे अल्टोहून मोठा आणि खालच्या सुराचा सॅक्सोफोन, वाजवणारे. वाजवायला जागा हवी म्हणून सॅक्सोफोनवाल्यांनी जागाच उभी केली.

तिसऱ्या कामापासून सुरुवात करतो, कारण तुमचा फोन बहुधा तिथेच अडला आहे. फोन करायचा की नाही हे प्रेक्षक ठरवत नाहीत. जॅममध्ये तुमच्यामागे वाजवणारे बासिस्ट, ड्रमर आणि पियानिस्ट ठरवतात, आणि ते तुमच्या सोलोतल्या करामतीकडे फारसं लक्ष देत नाहीत. त्यांना चार गोष्टी दिसतात: लय धरून ठेवता की धावता, फॉर्म (धुनेच्या भागांचा क्रम) हरवता का, सूर कसा आहे, आणि कधी थांबता.

थांबण्याचं साधं गणित करून बघा. ३२ बारची गत (गत म्हणजे वाजवायची धून, बार म्हणजे चार मात्रा), मिनिटाला ६० मात्रांच्या लयीतलं बॅलड, म्हणजे संथ गाणं: एक आवर्तन, म्हणजे पूर्ण गत एकदा, २ मिनिटं ८ सेकंदांचं. रांगेत पाच वादक असताना प्रत्येकानं दोन आवर्तनं घेतली तर नुसते सोलोच २१ मिनिटांचे. म्हणून बॅलडमध्ये अर्धं आवर्तन किंवा फार तर एक. तीच गत २४० च्या लयीत असेल तर आवर्तन ३२ सेकंदांत संपतं; तिथे दोन-तीन घेतलीत तरी कुणाची हरकत नसते. १६० च्या लयीतला १२ बारचा ब्लूज १८ सेकंदांचा, म्हणून त्यात चार-पाच आवर्तनं चालतात. नवख्याचा सोलो लांबतो तो बहुधा शेवट सापडत नाही म्हणून. उपाय रियाजातच करावा: दोन आवर्तनं ठरवून घ्यायची आणि दुसऱ्याच्या शेवटच्या चार बारमध्ये वाक्य पूर्ण करून पुढच्या वादकाकडे मान वळवायची. हे घरी रेकॉर्ड लावून शंभरदा केलं की मंचावर आपोआप होतं.

फॉर्म हरवण्याची नेहमीची जागा म्हणजे ड्रमरबरोबर चार-चार बारची देवघेव. तुमचे चार बार संपल्यावर तुम्ही श्वास घेता, रीड (माउथपीसवरची बोरूची पट्टी) सारखी करता, आणि ड्रमरचे चार बार मोजायचे राहून जातात. ड्रमर मुद्दाम समेला बगल देऊन तिरके आघात करत असला तर नक्कीच. या काळात मूळ धून मनात म्हणत राहा. आकडे मोजण्यापेक्षा ती जास्त भरवशाची असते. दुसरी जागा म्हणजे एएबीए फॉर्ममध्ये (ए हा मुख्य भाग, बी म्हणजे ब्रिज हा मधला वेगळा भाग) शेवटचा ए आणि पुढच्या आवर्तनाचे पहिले दोन ए. सलग तीन ए येतात, आणि ब्रिज एक ए लवकर सुरू होतो किंवा उशिरा.

पट्टीचं गणित ऐन वेळी करायला वेळ नसतो. जॅममध्ये पट्टी कॉन्सर्ट पिचमध्ये, म्हणजे पियानोच्या स्वरांत, सांगतात, बऱ्याचदा बोटांनी: बोटं खाली म्हणजे फ्लॅट, वर म्हणजे शार्प. एक बोट खाली म्हणजे एफ, दोन खाली म्हणजे बी फ्लॅट, तीन खाली म्हणजे ई फ्लॅट, एक वर म्हणजे जी. सॅक्सोफोनवर त्याच स्वरांची नावं वेगळी असतात, म्हणून अल्टोवाल्यानं त्यात तीन शार्प मिळवायचे, टेनरवाल्यानं दोन. कॉन्सर्ट बी फ्लॅटमध्ये दोन फ्लॅट, त्यात तीन शार्प मिळवले की उरतो एक शार्प, म्हणजे अल्टोवर जी. कॉन्सर्ट एफ म्हणजे अल्टोवर डी, टेनरवर जी. खरी परीक्षा गायक आला की होते. त्यानं आपल्या गळ्याला सोयीची कॉन्सर्ट ए पट्टी मागितली की अल्टोवर सहा शार्प येतात. ‘ही पट्टी मला जमत नाही’ असं गायकाला सांगणारा सॅक्सोफोनिस्ट त्या गायकाच्या कामावर पुन्हा दिसत नाही. म्हणून ब्लूज आणि ऱ्हिदम चेंजेस (‘आय गॉट ऱ्हिदम’ या गाण्याची कॉर्डमालिका) बाराही पट्ट्यांत हवेत, त्यात पळवाट नाही.

गतींची यादी किती मोठी हवी? चार्टशिवाय (धून-कॉर्ड लिहिलेल्या कागदाशिवाय) पन्नास गती पाठ असतील तर जॅममध्ये अडत नाही. दीडशेच्या आसपास पोचलात की तीन सेटचा कार्यक्रम अनोळखी लोकांबरोबर निभावतो. पाठ असणं म्हणजे धून, कॉर्ड, प्रचलित इंट्रो आणि शेवट, चारही. बँड सर्वांत जास्त शेवटाला फुटतो. शेवटचे चार बार तीनदा घ्यायचे असतील तर त्याला टॅग म्हणतात. धून वाजवणारा तुम्हीच असल्यानं तो इशारा तुम्हीच द्यायचा असतो, शेवटच्या आठ बारच्या आधी, सगळ्यांना दिसेल असा. डोक्यावर हात ठेवला की ‘धुनेकडे परत’ हे बहुतेक शहरांत कळतं. फोनवर चार्ट उघडून वाजवायला हरकत नाही, पण स्क्रीनकडे पाहणारा इशारे पाहत नाही, आणि ते मागच्या तिघांना लगेच कळतं.

एक शब्द सोलो उतरवण्याबद्दल, म्हणजे रेकॉर्ड ऐकून तो जसाच्या तसा वाजवण्याबद्दल. अल्टोवादक चार्ली पार्कर १९३७ च्या उन्हाळ्यात ओझार्क डोंगरांत एका बँडबरोबर काम करत होते आणि तिथे टेनरवादक लेस्टर यंग यांचे सोलो रेकॉर्डवरून उतरवत होते. तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. पद्धत आजही तीच आहे. एक आवर्तन घ्या. वाद्य हातात न घेता ते आधी गाता यायला हवं. मग ७० टक्के वेगात रेकॉर्डबरोबर वाजवा, श्वासाच्या जागांसकट. कागदावर शेवटी उतरवा, नाही उतरवलं तरी चालेल. मग त्यातली दोन-तीन वाक्यं बाराही पट्ट्यांत न्या. मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवा. महिन्याभरानं फक्त चौथ्यावर. धावण्याची सवय असेल तर इथे ती लपत नाही. वर्षाला असे सहा सोलो मुरले तर ते वीस अर्धवट सोलोंपेक्षा जास्त कामाला येतात.

आता सूर. सॅक्सोफोन पूर्ण सुरात तयार होऊन येत नाही, तो सुरात वाजवावा लागतो. ऑक्टेव्ह की दाबून सहा बोटांनी वाजणारा मधला डी बहुतेक वाद्यांवर चढा असतो. हाताच्या तळव्यानं दाबायच्या कळांवरचे वरचे स्वर त्याहून चढे. माउथपीस आत-बाहेर करण्याचा परिणाम वरच्या, म्हणजे छोट्या नळीच्या, स्वरांवर जास्त होतो. म्हणून फक्त एका ए स्वरावर ट्यूनर जुळवून मोकळं होणं फसवं असतं. खालचा बी, मधला बी आणि वरचा ए असे तीन तरी तपासा. वाद्यातल्या हवेचं तापमान एक अंश सेल्सिअसनं वाढलं की सूर साधारण तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढतो. गार खोलीत सुरुवातीला जुळवलेलं वाद्य दुसऱ्या सेटमध्ये पियानोच्या वर गेलेलं असतं. मध्यंतरानंतर पुन्हा जुळवा. तोंडाची पकड घट्ट करून सूर चढवायची सवय असेल तर फक्त माउथपीस फुंकून बघा. अल्टोवर शास्त्रीय पद्धतीत तिथे कॉन्सर्ट ए मिळतो, जॅझ वाजवणारे त्याच्या एक-दोन स्वर खाली असतात. तुमचा ए च्याही वर जात असेल तर जबडा आवळला जातोय, आणि मंचावरच्या ताणात तो आणखी आवळणार. यावर रोज वीस मिनिटं लांब स्वर आणि खालच्या बी फ्लॅटच्या बोटांवर ओव्हरटोन, याहून चांगला इलाज माझ्या माहितीत नाही: तेच बोट ठेवून वरचा बी फ्लॅट, एफ, पुन्हा बी फ्लॅट, मग डी. घशाची जागा बदलल्याशिवाय हे स्वर येतच नाहीत, आणि तीच जागा मंचावर सूर सांभाळते.

माउथपीसच्या मागे पैसे आणि वर्षं घालवणारे फार आहेत. अल्टोला माउथपीसच्या टोकाचं तोंड (टोक आणि रीड यांतली फट) १.९ मिलिमीटरच्या आसपास आणि रीड अडीच ते तीन, टेनरला २.५ ते २.७ मिलिमीटर आणि तशीच रीड, यावर बहुतेक कामं होतात. तोंड फार मोठं आणि रीडही कडक असली की हवा सांडते, दात आवळले जातात, तिसऱ्या सेटला ओठ हार मानतो. चार रीड आळीपाळीनं वापरा, नवी रीड पहिले दोन-तीन दिवस दहा मिनिटांच्या वर वाजवू नका. एकच आवडती रीड घेऊन कामावर जाणं धोक्याचं आहे. ती नेमकी त्याच दिवशी फाटते.

वाद्य बिघडतं ते दुरुस्तीवाला झोपलेला असताना. दोन बिघाड स्वतः ओळखता यायलाच हवेत. पहिला: जी वाजवताना नेकवरची (माउथपीस बसतो त्या वाकड्या नळीवरची) ऑक्टेव्हची छोटी गादी उचलली जाणं. जीचं बोट ठेवून अंगठ्यानं ऑक्टेव्ह की भरभर दाबा-सोडा. नेकवरचा दांडा जराही हलता कामा नये. हलला तर नेकवरची कडी वाकली आहे, बहुधा नेक बसवताना तिथेच धरून जोर दिल्यामुळे. दुसरा: खालचे स्वर गुरगुरणं. करंगळीनं जी शार्प दाबून ठेवा आणि खालचा डी वाजवा. आवाज तसाच राहिला तर ठीक. फाटला तर जी शार्पची गादी नीट मिटत नाहीये, तिथला समायोजनाचा छोटा स्क्रू किंचित आत घ्यावा लागतो, पाव फेऱ्यापेक्षाही कमी. चिकटणाऱ्या गादीखाली पातळ कागद ठेवून कळ हलकेच दाबा आणि ओलावा टिपून घ्या. गादी मिटलेली असताना कागद ओढून काढू नका, चामडं खरवडतं. पिशवीत बारीक स्क्रू ड्रायव्हर, रबर बँड, तुटलेली स्प्रिंग निभावण्यापुरता दोरा, जादा स्ट्रॅप आणि नेकचं कॉर्क ढिलं झालं तर गुंडाळायला कागदाची पट्टी. एवढ्यावर बहुतेक रात्री निभतात.

आता ज्यांचं तुमच्यावाचून अडेल अशा खुर्च्या. बिग बँडमध्ये सॅक्सोफोनच्या पाच असतात: दोन अल्टो, दोन टेनर, एक बॅरिटोन. इथे तुम्ही ऐच्छिक नसता. एक खुर्ची रिकामी राहिली तर हार्मनी मोडते. शहरोशहरी सरावाचे बिग बँड असतात आणि ते अनेकदा आठवड्याच्या सुरुवातीला वाजवतात, कारण तेव्हा लोक मोकळे असतात. थॅड जोन्स आणि मेल लुइस यांनी १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये सुरू केलेला सोमवारचा बँड याच सोयीतून उभा राहिला आणि त्याचा वारसा अजून चालू आहे. अशा बँडमध्ये पैसे थोडे किंवा शून्य असतात, पण एका खोलीत सोळा-सतरा वादक भेटतात आणि त्यातला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या कामाचा माणूस शोधत असतो. शिरण्याची सोपी वाट बॅरिटोनची. तो जड असतो, महाग असतो, कमी लोकांकडे असतो, म्हणून बदली माणूस मिळत नाही.

सेक्शनमध्ये वाजवणं हे वेगळंच कौशल्य आहे, आणि जॅममध्ये चमकणारे इथे उघडे पडतात. लीड अल्टो (सेक्शनची मुख्य ओळ वाजवणारा) जिथे स्वर तोडेल तिथेच तोडायचा. चौथ्या मात्रेवर की पुढच्या पहिल्या मात्रेवर, हे तो ठरवतो. व्हायब्रेटो त्याचा. आतल्या ओळी, विशेषतः दुसऱ्या टेनरच्या, स्वतंत्रपणे वाजवल्या तर विचित्र वाटतात. त्या गोड करायच्या नादात वादक आवाज वाढवतो आणि लीड झाकला जातो. लीडचा आवाज तुम्हाला ऐकू येत नसेल तर तुम्ही मोठे वाजवत आहात. चार्ट हातात आला की पहिल्या मिनिटात नोटा वाजवून बघू नका, नकाशा वाचा: पट्टी कुठे बदलते, पुनरावृत्ती किती, कोडा (शेवटचा वेगळा भाग) कुठे, आपला सोलो आहे का, आणि सर्वांत अवघड दोन बार कुठले. सरावात चुकीचा स्वर माफ होतो, पण कोडा चुकून पानभर पुढे गेलेला माणूस लक्षात राहतो.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे जोडवाद्यं. पाश्चात्त्य संगीत नाटकाच्या (म्यूझिकलच्या) वाद्यवृंदात सॅक्सोफोनवाल्याच्या वहीत क्लॅरिनेट आणि फ्लूट असतातच, कधी पिकोलो किंवा बास क्लॅरिनेटही. जोडवाद्याचे वेगळे पैसे देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. करारात ते लिहून घ्या. सॅक्सोफोनची बोटं येतात म्हणून क्लॅरिनेट येईल ही समजूत महागात पडते. सॅक्सोफोन जोरात फुंकला की सप्तक वर जातो, क्लॅरिनेट बारावा स्वर घेतो, म्हणून खालच्या आणि वरच्या भागातली बोटं वेगळी. शिवाय तिथे बोटांच्या पेरांनीच भोकं बंद करायची असतात. केसभर फट राहिली की किंचाळी. शिक्षकाकडे वर्षभर तरी शिका. आणि प्रयोगात ४० मिनिटं स्टँडवर थंड पडलेली क्लॅरिनेट उचलताच ती सुराखाली असते. प्रवेशाच्या दहा-बारा बार आधी तिच्यात आवाज न करता गरम फुंकर सोडत राहा. तुमच्या बाबतीत माझा सल्ला असा: अल्टो आहे, तर आधी टेनर, कारण छोट्या बँडमध्ये मागणी त्याला जास्त असते, त्याच वर्षी क्लॅरिनेटची शिकवणी, फ्लूट नंतर.

या शिकाऊ कामांना कमी लेखू नका. टेनरवादक जॉन कोल्ट्रेन १९५५ मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या बँडमध्ये आले तेव्हा २९ वर्षांचे होते, आणि त्याआधी ऱ्हिदम अँड ब्लूजच्या बँडमध्ये आणि डिझी गिलेस्पी यांच्या बिग बँडमध्ये सेक्शनमध्ये बसून वाजवत होते.

स्वतः काम आणायचं तर छोटी रचना पकडा. सॅक्सोफोन, गिटार आणि बास हे त्रिकूट ड्रम्सशिवाय चालतं, लहान जागेत बसतं, शेजाऱ्यांची तक्रार येत नाही, आणि तीन माणसांच्या पैशात भागतं. एकेका रात्रीसाठी धावण्यापेक्षा आठवड्यातला एक ठरावीक वार मागा, मंद धंद्याचा वार, आणि आठ आठवड्यांची मुदत ठरवून घ्या. दोन-तीन रात्रींत कुठल्याच जागेला श्रोते लागत नाहीत. आठव्या आठवड्याला मालकाला फरक दिसतो किंवा दिसत नाही, आणि दोघांनाही निर्णय घेता येतो. ४५ मिनिटांच्या सेटमध्ये सहा ते सात गती बसतात. लागोपाठच्या दोन गती एकाच पट्टीत किंवा एकाच लयीत नकोत. पहिली गत मध्यम लयीची, सगळ्यांना पाठ असलेली, कारण खोलीचा आवाज त्यातच कळतो. बॅलड तिसरं किंवा चौथं.

मालकाशी बोलणं संपलं की त्याच दिवशी चार ओळींचा संदेश पाठवा: तारीख, हजर राहण्याची आणि सुरू करण्याची वेळ, सेट किती, एकूण रक्कम आणि ती कधी, साउंड आणि पियानो कुणाचे, रद्द झालं तर किती दिवस आधी सांगायचं आणि न सांगितल्यास किती द्यायचं. तोंडी ठरलेलं काम वादकाच्याच अंगावर येतं. जागेकडे गाण्या-वाजवण्याचा परवाना आहे का आणि आवाजाची मर्यादा किती वाजेपर्यंत काय आहे, हेही विचारा. शहराचे नियम वादकाचं आयुष्य कसं हलवतात याचं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. १९४० ते १९६७ या काळात तिथे दारू मिळणाऱ्या क्लबात वाजवायला कॅबरे कार्ड, म्हणजे पोलिसांचं परवानापत्र, लागायचं. १९५१ मध्ये पार्कर आणि पियानोवादक थेलोनियस मंक या दोघांचीही कार्डं गेली, आणि मंक १९५७ पर्यंत स्वतःच्या शहरातल्या क्लबांत नियमित वाजवू शकले नाहीत.

बँडमधल्यांना पैसे त्याच रात्री द्या आणि रक्कम काम स्वीकारण्याआधी सांगा. तुम्ही फोन, जाहिरात, साउंड हे सगळं करता, म्हणून तुमचा हिस्सा जास्त असणं रास्त आहे. तो लपवणं रास्त नाही. शहरातले ड्रमर एकमेकांशी बोलतात.

बदली म्हणून गेलात तर नियम कडक आहेत. काम ज्याचं आहे त्याच्या बँडलीडरला आपलं कार्ड देऊ नका. पुढचं काम थेट तुम्हालाच देऊ केलं तर आधी मूळ वादकाला कळवा. तुम्हाला स्वतःला बदली पाठवायची वेळ आली तर आपल्यापेक्षा कच्चा माणूस पाठवू नका. ‘माझी खुर्ची जाईल’ या भीतीनं कच्चा पाठवणाऱ्याची खुर्चीच आधी जाते. आणि स्वीकारलेलं काम जास्त पैशाचं आलं म्हणून सोडायचं नाही, अपवाद करायचाच तर लीडरला विचारून आणि तयारीचा माणूस हातात घेऊनच.

मंचावरच्या मायक्रोफोनबद्दल एक चूक सगळीकडे दिसते: तो थेट बेलच्या (सॅक्सोफोनच्या रुंद टोकाच्या) तोंडात रोखलेला असतो. सॅक्सोफोनचा आवाज बहुतेक उघड्या भोकांतून येतो. बेलमधून मुख्यतः सर्वांत खालचे स्वर येतात. त्यामुळे बेलमध्ये घुसवलेल्या मायक्रोफोनवर खालचा बी आणि बी फ्लॅट धडकतात आणि मधलं सप्तक पातळ लागतं. स्टँडवरचा मायक्रोफोन बेलच्या कडेच्या थोडा वर, उजव्या हाताच्या कळांकडे वळवून, २५ ते ३० सेंटिमीटरवर ठेवा. घरून रेकॉर्डिंगची कामं घेत असाल तर ४० ते ६० सेंटिमीटर मागे जा, भिंती कापडानं झाका. फाइल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, रिव्हर्बशिवाय, गाण्याच्या अगदी सुरुवातीपासून, म्हणजे समोरच्याला जुळवत बसावं लागत नाही. तीन सॅक्सोफोनांचा सेक्शन हवा असेल तर तीन वेगळ्या ओळी लिहून वाजवा. एकच ओळ तीनदा वाजवली की दाटपणा येतो, पण सेक्शन ऐकू येत नाही.

कानांची काळजी पहिल्या वर्षापासून घ्या. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो; १०० डेसिबलला १५ मिनिटं. ड्रमरच्या झांजेशेजारी उभं राहून तुम्ही ती पहिल्याच सेटमध्ये ओलांडता. सॅक्सोफोनवाल्याला इअरप्लगचा त्रास जास्त होतो, कारण माउथपीसचा कंप दातांतून कवटीत शिरतो आणि बंद कानात घुमतो. खालच्या-वरच्या सगळ्या स्वरांचा आवाज सारखाच कमी करणारे, नऊ किंवा पंधरा डेसिबलचे प्लग घ्या, माउथपीसवर ०.८ मिलिमीटरचा रबरी पॅच चिकटवा, आणि महिनाभर घरी तसंच वाजवा. तरीही जमत नसेल तर निदान झांजेच्या बाजूचा कान झाका. टेनर साडेतीन किलोच्या आसपास असतो. तीन सेट मानेवर घेण्यापेक्षा खांद्यावरचा हार्नेस वापरा.

शिकवण्याबद्दल एवढंच: आठवड्याला दहा-बारा विद्यार्थी भाडं सांभाळतात, वीस झाले की रियाज संपतो. शिकवण्या दुपारी संपवा, संध्याकाळ मोकळी ठेवा, कारण फोन आदल्या दिवशीही येतो.

आणि स्वतःच्या गती लिहा. बीबॉपच्या, म्हणजे १९४० च्या दशकातल्या वेगवान जॅझच्या, काळापासून वादक जुन्या कॉर्डमालिकांवर नवी धून बसवत आले आहेत. कॉर्डमालिकेवर सहसा मालकी लागत नाही, धुनेवर लागते. ऱ्हिदम सेक्शनला कॉर्ड आधीच पाठ असतात, म्हणून सरावाशिवाय तुमची गत मंचावर जाते, आणि रॉयल्टी तुमच्या नावावर जमते. त्यासाठी गत रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे नोंदवलेली हवी, जिथे पद्धत आहे तिथे प्रत्येक कार्यक्रमानंतर वाजवलेल्या गतींची यादी भरलेली हवी, आणि दोघांनी मिळून लिहिली असेल तर कुणाचा किती टक्के हे रेकॉर्डिंगच्या आधी कागदावर सह्यांनिशी असावं. रेकॉर्डिंग झाल्यावर ही वाटणी ठरवायला बसलं की प्रत्येकाला आपलाच हिस्सा मोठा वाटतो.